कै. रोम यांच्या स्मरणार्थ

देवळातल्या पंख्याकडे तुम्ही कधी नीट पाहिलंय का? वारा येतोय की नाही हे बघायला सगळेच मान वर करतात. मी म्हणतोय ते वाचण्यासाठी. पंख्याच्या तीन पात्यांवर लाल रंगात काहीतरी लिहिलेलं असतं. पहिल्या पात्यावर 'कै. अमुक अमुक', दुसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ' आणि तिसऱ्यावर, पहिल्या दोहोंपेक्षा अंमळ ठळक अक्षरांत, देणाऱ्याचं नाव. पंखा फिरत असेपर्यंत यातलं काहीच वाचता येत नाही. वीज गेली की पाती हळूहळू थांबतात, भक्तगण घामाघूम होतात आणि मगच त्यांना कैलासवासी दिसू लागतात.

ही गोष्ट पंख्यापुरतीच नाही. बागेतला बाक, रस्त्यावरची पाणपोई, शाळेतलं घड्याळ, वाचनालयाचं कपाट, सगळीकडे ही तीन पाती असतात : गेला तो, त्याचं स्मरण आणि ते करणारा. आणि खरी माहिती बहुधा तिसऱ्या पात्यावर असते, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी देवळात बसून बनवलेलं नाही. ते मला रोमन बादशहांनी शिकवलं.

त्याचं असं आहे की, मी नाणी जमवतो. हे वाक्य चारचौघांत उच्चारलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत एक चमक येते. 'रोमन नाणी' म्हटलं की ती वाढते, कारण रोमन नाणं म्हणजे सोन्याचं अशी आपली समजूत. आमच्या शेजारी एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. माझ्याकडे रोमन नाणी आली आहेत हे कळल्यावर ते संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून बघायला आले. मी डबी उघडली. आत मातकट-हिरव्या रंगाच्या, जुन्या कोटाच्या बटणांसारख्या पंचवीस-तीस चकत्या होत्या. त्यांनी एक उचलली, खिडकीशी नेली, चष्मा कपाळावर चढवला आणि बँकेतली सगळी नोकरी आवाजात आणून विचारलं, "हे कुणी घ्यायचं का हो बाजारात?"

घ्यायचे. तोच तर यांचा मोठेपणा आहे. सोन्याचं नाणं सेनापतींच्या, मोठ्या जमीनदारांच्या पेटीत जायचं आणि तिथंच बसायचं. ही ब्राँझची चिल्लर पाव घ्यायला, हमामात अंघोळीला, दाढी करायला हातोहात फिरली. चौथ्या शतकातल्या या नाण्यांना आम्ही संग्राहक नावानं नाही, मापानं ओळखतो. 'एई-३', 'एई-४' असं म्हणतो. 'एई' म्हणजे ब्राँझ आणि आकडा म्हणजे नंबर, पायताणाला असतो तसा. फक्त इथं आकडा वाढला की माप लहान होतं. १७ मिलिमीटरच्या आतलं ते चार नंबरचं. ज्यांना १९५७ साली निघालेला ब्राँझचा नवा पैसा आठवतो, त्यांनी तो डोळ्यांपुढे आणावा. १६ मिलिमीटर, दीड ग्रॅम. जगज्जेत्या रोमची चौथ्या शतकातली बरीचशी नाणी एवढीच होती.

आणि एवढ्याशा जागेत त्यांनी स्मारकं उभारली. स्मारक नाणं आपल्यालाही नवं नाही. नेहरू गेल्यावर १९६४ साली त्यांच्या चेहऱ्याचा रुपया निघाला. १९७४ च्या दहा पैशांवर तर आई-बाप आणि दोन मुलं असं आटोपशीर कुटुंब उभं होतं. पण आपल्याकडे अशी नाणी मधूनमधून निघतात आणि लोक ती बाजूला काढून ठेवतात. रोमनांच्या या नाण्यांचं तसं नव्हतं. ती लाखांनी निघाली आणि लोकांनी ती बिनदिक्कत खर्च केली. त्यामुळेच आज ती युरोपात शेतांतून सापडतात, मातीसकट शेकड्यावर विकली जातात आणि माझ्यासारख्या पेन्शनवाल्याला परवडतात. माझी नाणी इंग्लंडमधल्या मेव्हण्यानं पावतीसकट आणून दिली. "दाजी, एवढ्या पैशांत चांगला स्वेटर आला असता," हे वाक्य त्यानं वर फुकट दिलं.

पुढचा प्रश्न साफ करण्याचा. दीड हजार वर्षं जमिनीत राहिलेल्या ब्राँझवर जो हिरवा थर चढतो, तो संग्राहकाच्या भाषेत नाण्याचं सौंदर्य, आणि आमच्या सौभाग्यवतीच्या भाषेत कळंक. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, ते ज्यानं, तोच हा. त्यामुळे पहिल्याच दिवशी ती चिंच-मीठ घेऊन पुढे सरसावली. "दोन मिनिटांत लख्ख करून देते!" ती खरोखरच लख्ख करून देणारी बाई आहे, म्हणून मी डबी छातीशी धरली. चिंचेनं घासलं तर कळंकाबरोबर बादशहाही जातो. योग्य पद्धत म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये आठवडेच्या आठवडे भिजत घालायचं, पाणी बदलत राहायचं आणि लाकडी काडीनं, मऊ ब्रशनं एकेक कण सोडवायचा. मोडाच्या मटकीशेजारी ओट्यावर सहा महिने रोमन साम्राज्य भिजत पडलं होतं. मटकीला मोड आले, साम्राज्याला नाक आलं, मग एक डोळा, मग अक्षरं.

अक्षरं आली आणि मी तिसरं पातं वाचायला लागलो.

पहिली मालिका इ. स. ३१७-१८ ची. बादशहा कॉन्स्टंटाईन. ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणारा म्हणून आपण त्याला शाळेत पाच मार्कांसाठी ओळखतो तोच. यानं तीन मृत बादशहांच्या स्मरणार्थ नाणी काढली. उलट्या बाजूला खुर्चीत बसलेला बादशहा आणि भोवती 'रेक्विएस ऑप्तिमोरुम मेरितोरुम', म्हणजे ज्यांची सेवा थोर, त्यांना विश्रांती लाभो. अगदी 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो'च. सुलट्या बाजूला नावं चतुर्थी विभक्तीत : दिव्य क्लॉडियसास, दिव्य कॉन्स्टँशियसास, दिव्य मॅक्सिमियनास. लग्नातल्या स्टीलच्या डब्यावर 'चि. सौ. कां. हिस सप्रेम भेट' असं कोरतात ना, त्यातला तो 'हिस' इथं आहे. लॅटिन व्याकरण मला फारसं येत नाही, पण भांड्यांवरची चतुर्थी मी लहानपणापासून वाचत आलोय.

आता हे तिघे कोण? कॉन्स्टँशियस हा कॉन्स्टंटाईनचा बाप. ते ठीक. क्लॉडियस हा गॉथ लोकांना हरवून २७० साली साथीच्या रोगानं गेलेला बादशहा. तो आपला पूर्वज असल्याचा शोध कॉन्स्टंटाईनच्या दरबाराला ३१० साली लागला. चार पैसे झाले की माणसाला जशी आपली वंशावळ थेट एखाद्या सरदारापर्यंत जाते असं आढळून येतं, तसंच. आणि तिसरा मॅक्सिमियन. हा कॉन्स्टंटाईनचा सासरा. त्यानं ३१० साली जावयाविरुद्ध बंड केलं, मार्सेय शहरात पकडला गेला आणि गळफास घेऊन मेला. त्यानं तो घेतला असं सरकारी म्हणणं. घ्यायला लावला असं म्हणणारेही होतेच. मेल्यावर जावयानं त्याचे पुतळे पाडले, नाव पुसलं. आणि सात-आठ वर्षांनी त्याच सासऱ्याला 'दिव्य' म्हणून नाण्यावर बसवलं, विश्रांती लाभो म्हणून!

म्हातारा एवढ्यात चांगला झाला नव्हता. गरज बदलली होती. सिंहासनावर आणखी एक भागीदार होता, लिसिनियस. त्याला दाखवायचं होतं की, माझ्या मागे एक नाही, तीन तीन बादशहा उभे आहेत. हयातभर ज्या काकांशी कोर्टात भांडले, त्यांच्याच वर्षश्राद्धाला वर्तमानपत्रात चौकट देऊन 'आपल्या पवित्र स्मृतीस' म्हणणारे पुतणे आपण पाहतोच. चौकटीत काकांचा फोटो छोटा असतो आणि खाली पुतण्याच्या दुकानाचा पत्ता पूर्ण असतो.

दुसरी मालिका माझी सर्वांत लाडकी, ३३० सालची. लिसिनियसचा काटा ३२४ साली निघाला. आता सगळं साम्राज्य एकट्याचं. त्यानं बायझँटियम या जुन्या ग्रीक गावाच्या जागी नवी राजधानी वसवायला घेतली, तेच आजचं इस्तंबूल. ११ मे ३३० रोजी वास्तुशांत झाली. त्या सुमाराला नाण्यांची एक जोडी निघाली. एकावर शिरस्त्राण घातलेली रोमदेवी, भोवती 'उर्ब्स रोमा', म्हणजे रोम नगरी. उलट बाजूला मान वळवून पाहणारी लांडगी, तिच्या पोटाखाली रोम्युलस आणि रीमस ही दोन बाळं, वर दोन तारे. दुसऱ्या नाण्यावर तशीच शिरस्त्राण घातलेली दुसरी बाई, हातात राजदंड. मागे जहाजाच्या नाळेवर पंख पसरून उभी असलेली विजयदेवता आणि नाव 'कॉन्स्टँटिनोपोलिस'.

दोन्ही नाणी एकाच मापाची, एकाच वजनाची. जर्मनीतल्या ट्रीरपासून सीरियाजवळच्या अँटिओकपर्यंत सगळ्या टांकसाळींत दोन्ही पाडली गेली. रोमच्या टांकसाळीला नव्या शहराची आरती ओवाळावी लागली आणि नव्या शहराला रोमची. ज्यानं उपनगरात नवा ब्लॉक घेतला आहे आणि आई गावच्या वाड्यातून हलायला तयार नाही, त्या मुलाला हे धोरण लगेच कळेल. ब्लॉकच्या हॉलमध्ये तो आईचा मोठा फोटो लावतो. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, सगळं तिच्याच आशीर्वादानं. फक्त मनीऑर्डर सोडून गावाकडे स्वतः जात नाही. कॉन्स्टंटाईनही ३२६ नंतर रोमला पुन्हा गेला नाही. ज्या वर्षी रोमच्या नावानं नाणं निघालं, त्या वर्षापर्यंत रोम ही मान देण्याची जागा झाली होती, राहण्याची नव्हे. शहर चांगलं जिवंत होतं, घरं होती, सर्कशी होत्या, सिनेटर होते. पण त्याच्यावर 'स्मरणार्थ' लिहून झालं होतं.

गंमत म्हणजे या जोडीवर बादशहाचा चेहरा नाही. रोमन नाण्यावर बादशहानं स्वतःला वगळणं म्हणजे पुढाऱ्यानं सत्काराच्या बॅनरवरून स्वतःचा फोटो काढून घेणं! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गहिवरलो. मग दुसऱ्या नाण्यावरचं शहराचं नाव पुन्हा वाचलं. कॉन्स्टँटिनोपोलिस. चेहरा काढला होता, पण तिसरं पातं काठोकाठ भरलेलं होतं.

या नाण्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत टांकसाळीची खूण असते आणि संग्राहकाचं निम्मं आयुष्य तीच भिंगातून वाचण्यात जातं. ट्रीरच्या पहिल्या विभागाची खूण आहे 'टीआरपी'. म्हणजे टीआरपीसाठी धडपड चौथ्या शतकातही चालूच होती. फ्रान्समधल्या आर्ल गावाचं नाव बदलून बादशहाच्या घराण्यावरून 'कॉन्स्टँटिना' ठेवलं गेलं, त्यामुळे तिथल्या नाण्यांवर 'कॉन्स्ट' येतं, आणि कॉन्स्टँटिनोपलच्या नाण्यांवर नुसतं 'कॉन्स'. एका 'ट'साठी नवशिका संग्राहक दीड हजार मैल चुकतो. गावांची नावं बदलली की टपालखात्याचे हाल होतात हे आपल्याला ठाऊक आहे. नाणीवाल्यांचेही होतात.

स्मरण वाढत होतं तसं ब्राँझ मात्र कमी होत होतं. सुरुवातीला अडीच ग्रॅमची असलेली लांडगी पाच-सहा वर्षांत दीड-पावणेदोन ग्रॅमवर आली. याच काळात 'सैन्याचा गौरव' असं लिहिलेलं आणखी एक नाणं चालू होतं. त्यावर दोन शिपाई आणि त्यांच्यामध्ये दोन निशाणं. वजन घटवलं तेव्हा चकती लहान झाली, जागा पुरेना. मग दोनातलं एक निशाण काढून टाकलं. शिपाई दोन, निशाण एक, गौरव पूर्वीइतकाच! काटकसरीचा इतका प्रामाणिक सरकारी दाखला मी दुसरा पाहिलेला नाही.

तिसरी मालिका ३३७ नंतरची, आणि इथं माझं हसू जरा कमी होतं.

२२ मे ३३७ रोजी कॉन्स्टंटाईन गेला. मरणाच्या आधी बाप्तिस्मा घेऊन गेला. मुलांनी त्याच्या स्मरणार्थ जे नाणं काढलं, त्यावर तो डोक्यावरून पदर घेतलेला दिसतो, मागे चार घोड्यांच्या रथातून स्वर्गाकडे निघालेला, आणि वरून त्याला घ्यायला एक हात खाली आलेला. बिशप युसेबियसनंसुद्धा आपल्या ग्रंथात या नाण्याची नोंद केली आहे. रथ जुन्या देवांचा, हात नव्या देवाचा, आणि बिरुद 'दिव्य' हे पुन्हा जुनंच. दोन्ही मंडळांची वर्गणी भरलेली बरी.

पण मुलांनी आणखी दोन नाणी काढली, आणि ती बायकांची होती. एक हेलेना, ही कॉन्स्टंटाईनची आई. दुसरी थिओडोरा, त्याची सावत्र आई. बाप कॉन्स्टँशियसनं बढतीच्या वाटेवर हेलेनेला सोडून मॅक्सिमियनच्या घरातल्या या थिओडोरेशी लग्न केलं होतं. म्हणजे या सवती. दोघींची नावं पुन्हा चतुर्थीत : हेलेनेस, थिओडोरेस. हेलेनेच्या मागे शांतिदेवता आणि अक्षरं 'पाक्स पुब्लिका', सार्वजनिक शांतता. थिओडोरेच्या मागे एक स्त्री, कडेवर तान्हं मूल, आणि अक्षरं 'पिएतास रोमाना'. 'पिएतास' म्हणजे आईबापांविषयी, घराविषयी, देवाधर्माविषयी माणसाला असावी ती निष्ठा. तीन भाऊ साम्राज्य वाटून बसले होते आणि तिघांच्याही राज्यात, ट्रीरला, रोमला आणि कॉन्स्टँटिनोपलला, ही नाणी पाडली गेली.

आता त्याच वर्षीची दुसरी हकीकत. ३३७ च्या उन्हाळ्यात कॉन्स्टँटिनोपलमध्ये सैन्यानं राजघराण्यातल्या पुरुषांची कत्तल केली. मेले ते बहुतेक सगळे थिओडोरेचे मुलगे आणि नातू. तिच्या नातवांपैकी दोन लहान पोरं वाचली, त्यांतला ज्युलियन पाच-सहा वर्षांचा होता. तो पुढे स्वतः बादशहा झाला आणि या हत्याकांडाचा दोष त्यानं उघडपणे चुलतभाऊ कॉन्स्टँशियसच्या, म्हणजे कॉन्स्टंटाईनच्या मधल्या मुलाच्या माथी मारला. वंश कापून काढला आणि मग आजीचं नाणं पाडलं. तिच्या पाठीशी कडेवर मूल घेतलेली बाई आणि शब्द घरच्यांवरच्या निष्ठेचा. शिवाय सार्वजनिक शांतता झालेली होतीच, कारण बोलायला फारसं कुणी उरलं नव्हतं.

हे नाणं एवढंसं आहे, नव्या पैशाएवढं. मी ते तळहातावर घेतो तेव्हा मला आमच्या आक्काआजीचा बाक आठवतो. आक्काआजी म्हणजे वडिलांची आत्या, बालविधवा. भावाच्या घरी राहिली, त्याची सहा मुलं तिनं अंगाखांद्यावर वाढवली. घराच्या एका खोलीवर तिचा हक्क लिहिलेला होता. घर विकायची वेळ आली तेव्हा त्या सहांपैकी चौघांनी तिचा अंगठा घेतला आणि शेवटची नऊ वर्षं ती वेगवेगळ्या घरांत दोन-दोन महिन्यांच्या पाळीनं राहिली. ती गेल्यावर गावच्या गणपतीच्या देवळात एक बाक आला. शिसवी, चांगला सहा माणसं बसतील असा. पाठीवर पितळी पट्टी : 'कै. आक्कांस, सर्व पुतण्यांकडून.' तीच ती चतुर्थी. बाक अजून भक्कम आहे. तिला तिच्या खोलीत बसायला कुणी एक पाट ठेवू दिला नाही, आणि आता तिच्या नावावर गाव बसतं.

त्या पुतण्यांना मी ढोंगी म्हणत नाही. बाक देताना त्यांतला एक जण खरोखर रडला होता. कदाचित थिओडोरेचं नाणं पाडताना कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं असेल. स्मारक खोटं असतं असं नव्हे. पण ते कधी उभं राहतं ते पाहावं. माणूस अडचणीचा असेपर्यंत त्याला जागा मिळत नाही. अडचण मिटली की नाणं निघतं. रोमचंही तेच झालं आणि आजीचंही.

राहता राहिली चौथी मालिका. परंपरेप्रमाणे रोमची स्थापना इ. स. पूर्व ७५३ ची. त्या हिशेबानं २४८ साली रोमला हजार वर्षं झाली, तेव्हा फिलिप बादशहानं धूमधडाक्यात खेळ केले आणि नाण्यांवर सिंह, पाणघोडे, हरणं झळकवली. मग ३४८ साली अकराशे वर्षं झाली. पण ऑरेलियस व्हिक्टर हा त्या काळचा इतिहासकार तक्रार करतो की, यावेळी नेहमीचा उत्सवसुद्धा झाला नाही. गावच्या जत्रेची पालखी निघाली नाही म्हणून एखाद्या जुन्या मास्तरांनी संपादकांस पत्र लिहावं, तसा त्याचा सूर आहे. मात्र साधारण त्याच सुमाराला नवी ब्राँझ नाणी निघाली. घोषवाक्य : 'फेल टेम्प रेपारातिओ', सुखाचे दिवस परत आले. यातला 'सुखाचे' हा शब्द कापलेला, 'दिवस' हा शब्दही कापलेला, 'परत आले' तेवढं पूर्ण. काही नाण्यांवर राखेतून उठणारा फिनिक्स पक्षी होता. पण जास्तीत जास्त निघालं ते वेगळंच : घोड्यावरून कोसळणारा शत्रू आणि त्याला भाला खुपसणारा रोमन शिपाई. सुखाच्या दिवसांचं चित्र म्हणून टांकसाळींना हेच सापडलं.

पुढच्या दहा वर्षांत हे सुख आकसत गेलं. माझ्याकडे या छापाची सात नाणी आहेत. मी ती ओळीनं मांडतो तेव्हा उतरत्या भाजणीची पातेली मांडल्यासारखी दिसतात. पहिलं चांगलं रुपयाएवढं, शेवटचं टिकलीएवढं. प्रत्येकावर सुखाचे दिवस परत आलेले आहेत आणि प्रत्येक वेळी ते थोडे कमी परत आले आहेत.

ही नाणी वापरणाऱ्यांना हे सगळं कळत होतं का? २०१३ साली इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात एका हौशी शोधकाला या काळातल्या नाण्यांचा साठा सापडला. २२,८८८ नाणी, वजन सुमारे ६८ किलो, बहुतेक ३३० ते ३४१ मधली. म्हणजे लांडगी, विजयदेवता, दोन शिपाई आणि आजीबाई, सगळा गोतावळा. चोरी होऊ नये म्हणून तो गृहस्थ तीन रात्री गाडी तिथंच लावून झोपला. आणि हा खजिना त्या काळी केवढ्याचा? तज्ज्ञांच्या अंदाजानं सोन्याच्या चार नाण्यांएवढा. अडुसष्ट किलो स्मारकं, किंमत चार मोहरा! ज्यानं ती पुरली, त्यानं ती गौरवासाठी नव्हे, गरजेसाठी साठवली होती. याच जातीची नाणी आपल्याकडे करूर-मदुराईपर्यंत आली, श्रीलंकेत तर हजारांनी सापडली आणि तिथल्या कारागिरांनी त्यांच्या नकलाही पाडल्या. मदुराईच्या बाजारात लॅटिन चतुर्थी कुणी वाचत नव्हतं. नाणं वाजवून पाहत, घेत आणि पुढे सरकवत.

नकला ब्रिटनमध्येही फार झाल्या. लंडनची टांकसाळ ३२५ साली बंद झाली होती, बाहेरून येणारी चिल्लर पुरत नव्हती. मग कुणी लोहार, कुणी कासार, आपापल्या परीनं ठसे कोरून नाणी पाडू लागले. माझ्या डबीत असं एक आहे. अधिकृत लांडगीच्या निम्म्या वजनाचं. कोरणाऱ्याला वाचता येत नसावं, कारण 'उर्ब्स रोमा'च्या जागी नुसत्या उभ्या रेघा आणि गोल आहेत. रोमदेवीचं नाक पोपटाचं झालं आहे. मागची लांडगी तर थेट शेळी वाटते. वर दोन तारे आहेत तेही वाटाण्यासारखे. पण खाली दोन बाळं आहेत. दोन टिंबांची दोन डोकी, चार काड्यांचे हात, तोंडं वर करून. ती त्यानं गाळली नाहीत. या नाण्याला तिसरं पातंच नाही. बादशहाचं नाव नाही, शहराचं नाही, पाडणाऱ्याचं तर नाहीच. त्याला कुणाचं स्मरण करायचं नव्हतं. त्याला बाजारात सुटे पैसे हवे होते.

माझ्या संग्रहातलं हेच सर्वांत कमी किमतीचं नाणं. मेव्हण्यानं ते "मोजायला कमी पडत होतं म्हणून टाकलंय" असं सांगून दिलं होतं. परवा सौभाग्यवतीनं डबीतून नेमकं तेच उचललं आणि चाळशी लावून बराच वेळ बघत राहिली. मी मोठ्या उत्साहानं तिला समजावायला लागलो की, बघ, हे खोटं आहे, ही खरी लांडगी नव्हे, अक्षरं चुकलेली आहेत, वजन कमी आहे.

"असू दे हो," ती नाणं डबीत ठेवत म्हणाली, "पोरांच्या पोटात दूध जातंय ना? मग झालं तर."